ठोकळा फुटल्यानंतर काय?

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रकल्प-अहवाल आणि परिषदांत वाचले जाणारे निबंध यांत गेली काही वर्षे एक विषय सारखा भेटतो. व्हायब्रेटर न लावता साच्यात आपल्याच वजनाने पसरणारे व बसणारे काँक्रीट घ्यायचे, त्यात दोन-तीन प्रकारचे बारीक तंतू मिसळायचे (पोलादाचे, पॉलिप्रॉपिलीनचे, कधी काचेचे) आणि ते किती मजबूत झाले हे पाहायचे. विषय उत्तम आहे. तक्रार आहे ती तो ज्या साच्यात ओतला जातो त्या साच्याबद्दल.

साचा असा. सुरुवातीला दोन पानांत काँक्रीटचा इतिहास. मग घटकांचे तक्ते. मग तंतूंचे प्रमाण ०, ०.५, १ आणि १.५ टक्के. प्रत्येक प्रमाणाचे तीन ठोकळे सात दिवसांनी आणि तीन अठ्ठावीस दिवसांनी दाबयंत्रात फोडायचे. आलेख एक टक्क्यापर्यंत थोडा वर चढतो आणि मग खाली येतो. निष्कर्ष: तंतूंचे इष्टतम प्रमाण एक टक्का, त्यामुळे दाबशक्ती अमुक टक्के वाढली. शेवटच्या पानावर फुटलेल्या ठोकळ्यांची छायाचित्रे.

या छायाचित्रांकडे नीट पाहावे असे मी प्रत्येकाला सांगतो. साध्या काँक्रीटचा ठोकळा फुटून त्याचे डमरू झालेले असते, कडेचे तुकडे टेबलावर पडलेले असतात. तंतू घातलेला ठोकळा मात्र चिरांनी भरलेला असूनही ठोकळाच राहिलेला असतो. तंतूंनी जे केले ते या छायाचित्रात आहे. ते तक्त्यात कुठेच नाही, कारण तक्त्याने तो प्रश्नच विचारलेला नाही. ठोकळा किती भाराला फुटला हे विचारले. फुटल्यानंतर त्याचे काय झाले हे विचारले नाही. माझ्या मते या साऱ्या लेखनातला मुख्य दोष हाच, आणि तो तपासायला अकरावीच्या पदार्थविज्ञानापलीकडचे काही लागत नाही. म्हणूनच हे टिपण शिक्षकांसाठीच्या या पानांवर लिहीत आहे. असे अहवाल उद्या लिहिणारी मुले आज तुमच्याच वर्गात आहेत.

विषय मुंबईत नेऊन पाहायचा तर कॉटन ग्रीनइतकी सोयीची जागा नाही. हार्बर मार्गावरच्या या स्थानकाला ज्या कापूसबाजाराचे नाव मिळाले तो मूळचा कोटातला. १८४४ मध्ये तो कुलाब्याला गेला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिवडीकडच्या बंदराच्या भरावजमिनीवर आला. कॉटन एक्स्चेंजची इमारत तिथे अजून उभी आहे. कापसाचा भाव ठरताना धाग्याची लांबी हा मोठा मुद्दा असतो. लालबाग-परळच्या गिरण्यांत मिक्सिंग खात्यात वेगवेगळ्या लांबीचा कापूस ठरावीक प्रमाणात मिसळला जाई. सूत कितीही लांब असो, त्यातला एकेक तंतू दोन-तीन सेंटिमीटरांचाच असतो. सुताला ताकद येते ती पिळामुळे एकमेकांवर दाबल्या गेलेल्या तंतूंच्या घर्षणातून. ही गोष्ट लक्षात असू द्यावी, काँक्रीटमधल्या तंतूंचे कामही पुष्कळसे असेच चालते.

याच परिसरात काँक्रीटच्या शतकाची दोन टोके आहेत. एकीकडे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२, अशा एकूण २०७. त्या काळात लोखंडी सळ्यांचे काँक्रीट या शहरात नवलाईचे होते. दुसरीकडे, १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू, लांबी सुमारे २१.८ किलोमीटर, त्यातली सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावर. दोन्हींवर सारखीच खारी हवा. या हवेत काँक्रीटचा घात दाबामुळे सहसा होत नाही. आधी बारीक तडा जातो, तड्यातून ओल आणि क्षार सळईपर्यंत पोचतात, सळई गंजते, गंज मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो आणि वरचा काँक्रीटचा थर फुगून निखळतो. दादर-परळच्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या सज्जाखाली मान वर केली की हे दिसते. म्हणजे खरा प्रश्न तड्यांचा आहे. तडे जातात ताणाने, आणि काँक्रीटची ताणशक्ती तिच्या दाबशक्तीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते.

आता फळ्यावर करता येईल असा हिशेब. काँक्रीटचा यंगचा गुणांक ३०,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरू आणि ताणशक्ती ३ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. (पुढे प्रतिबलाचे सर्व आकडे याच एककात आहेत.) तडा जाण्याच्या क्षणी विकृती किती? ३ भागिले ३०,०००, म्हणजे ०.०००१. एक मीटर लांबी ०.१ मिलिमीटरने वाढली की काँक्रीट तडकते. या क्षणापर्यंत आतला पोलादी तंतूही तितकाच ताणला गेला आहे. पोलादाचा यंगचा गुणांक २,००,०००. तेव्हा तंतूतले प्रतिबल फक्त २०. ज्या तंतूची स्वतःची ताणशक्ती ११०० आहे तो तडा जाईपर्यंत जवळजवळ स्वस्थ बसून आहे. आकारमानाने एक टक्का तंतू घातले आणि ते सर्वच्या सर्व ताणाच्या दिशेने रचले, तरी ९९ टक्के काँक्रीटचे २.९७ आणि एक टक्का पोलादाचे ०.२० मिळून होतात ३.१७. तीनचे ३.१७, वाढ सहा टक्क्यांहून कमी. प्रत्यक्षात तंतू सर्व दिशांना विखुरलेले असतात, तेव्हा याच्या निम्मीही वाढ हाती लागत नाही.

पॉलिप्रॉपिलीनचे पाहा. त्याचा यंगचा गुणांक ४,००० च्या घरात. त्याच विकृतीला त्यातले प्रतिबल ०.४. म्हणजे हा तंतू ज्या काँक्रीटची जागा घेतो त्या काँक्रीटपेक्षाही कमी भार उचलतो! एक टक्का घातला तर तीनचे २.९७ होतील. तडा जाण्यापूर्वी पॉलिप्रॉपिलीनचे तंतू काँक्रीट मजबूत करत नाहीत, केले तर किंचित कमजोर करतात. तेव्हा 'पॉलिप्रॉपिलीनमुळे ताणशक्ती वीस टक्क्यांनी वाढली' असे वाचले की कोणत्या यंत्रणेने वाढली, असे विचारायला हवे. कदाचित काँक्रीट सुरुवातीला आकसताना पडणारे सूक्ष्म तडे कमी झाले असतील, तो खरा परिणाम आहे. कदाचित पाणी कमी-जास्त झाले असेल. पण लेखक यातले काहीच सांगत नाही. आकडा वर गेला, एवढ्यावर तो थांबतो.

या हिशेबात एक गृहीत आहे. तंतू असले काय, नसले काय, काँक्रीट त्याच विकृतीला तडकेल असे आपण धरले. तंतू फार जवळजवळ असतील तर सूक्ष्म तड्याला वाढूच देणार नाहीत आणि तडकण्याची विकृतीच वाढेल, ही कल्पना अमेरिकेत जेम्स रोमुआल्डी आणि बॅट्सन यांनी १९६३ मध्ये मांडली. पोलादी तंतूंच्या काँक्रीटचे आधुनिक युग तिथून सुरू झाले. कल्पना सुंदर होती. पण नेहमीच्या बांधकामात परवडणाऱ्या प्रमाणात ती आशेइतकी फळली नाही, नंतरच्या चाचण्यांत पहिल्या तड्याच्या भारात एवढी वाढ दिसली नाही. तंतूंची खरी कमाई तडा गेल्यानंतरची आहे हे लवकरच लक्षात आले. आपले प्रकल्प-अहवाल मात्र अजून त्या पहिल्या आशेच्याच मागे आहेत.

तडा गेल्यानंतरचा हिशेबही करून टाकू. तंतू ३० मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर व्यासाचा. तडा त्याला कुठेही छेदेल. त्याची आखूड बाजू सरासरीने लांबीच्या एक चतुर्थांश, ७.५ मिलिमीटर, काँक्रीटमध्ये रुतलेली असेल. तंतू आणि काँक्रीट यांतली पकड ४ धरली तर तंतू उपसून काढायला लागणारे बल म्हणजे परीघ गुणिले लांबी गुणिले पकड, सुमारे ४७ न्यूटन. तंतू तोडायला मात्र २१६ न्यूटन लागतील. म्हणून तंतू तुटत नाही, घासत घासत बाहेर येतो, आणि हे घर्षणच आपल्याला हवे आहे. एक टक्का प्रमाणात तड्याच्या दर चौरस सेंटिमीटरला असे सुमारे अडीच तंतू आडवे येतात. त्यांचे मिळून प्रतिबल होते सुमारे १.२. साध्या काँक्रीटमध्ये तडा पूर्ण उघडल्यावर ते असते शून्य.

तर मग तडा जाण्यापूर्वी तीनचे फार तर ३.१७ आणि तडा गेल्यानंतर शून्याचे १.२. यातली कोणती ओळ अहवालात यायला हवी? दाबयंत्रातला ठोकळा आपल्याला पहिलीच्या आसपासचे काहीतरी सांगतो आणि दुसरीबद्दल मुका राहतो.

काँक्रीटच्या वाहण्याकडे वळू, कारण विषयाचा अर्धा भाग तो आहे आणि अहवालांत त्याच्या वाट्याला अर्धे पानही येत नाही. थालीपीठ थापावे लागते, घावनाचे पीठ ओतले की तव्यावर आपोआप पसरते. नेहमीचे काँक्रीट थालीपीठाच्या जातीचे. ते सळ्यांच्या जाळीत नीट बसावे म्हणून व्हायब्रेटरची सुई फिरवावी लागते. फिरवणारा कंटाळला, घाईत असला किंवा सळ्या इतक्या दाट असल्या की सुईच आत जात नाही, तर पोकळ्या राहतात. टोकिओ विद्यापीठाच्या हाजिमे ओकामुरा यांनी १९८६ मध्ये घावनाच्या जातीचे काँक्रीट हवे अशी मागणी पुढे ठेवली, आणि १९८८ मध्ये त्याचा पहिला नमुना तयार झाला. जपानमध्ये कुशल कामगार कमी होत चालले होते आणि कामगाराच्या कौशल्यावर काँक्रीटचा टिकाऊपणा अवलंबून राहू नये असा त्यामागे हेतू होता. १९९८ मध्ये खुल्या झालेल्या आकाशी-काइक्यो पुलाच्या केबल-पायांसाठी असे काँक्रीट वापरल्याने अडीच वर्षांचे ते काम दोन वर्षांत झाले. आपल्याकडे तारापूर अणुवीज प्रकल्पाच्या ३ व ४ क्रमांकांच्या संचांच्या पंपगृहात ते वापरले गेले आणि त्याची हकिकत २००४ मध्ये 'इंडियन काँक्रीट जर्नल'मध्ये आली. आय.एस. १०२६२ या मिश्रण-मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत त्याला जागा मिळाली.

नुसते पाणी वाढवून काँक्रीट वाहते करता येत नाही. पाणी वर येते आणि खडी तळाला बसते. म्हणून सिमेंटच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारे रसायन थोड्या प्रमाणात घालायचे, खडी कमी करायची, आणि सिमेंट व औष्णिक वीजकेंद्रांतली राख अशी पूड वाढवून मिश्रणाला चिकटपणा द्यायचा. वाहायचे, पण वेगळे व्हायचे नाही, अशी ही कसरत आहे.

या कसरतीत तंतू घालणे म्हणजे घावनाच्या पिठात खोबऱ्याचा लांब कीस घालण्यासारखे आहे. दोन अडचणी येतात. पहिली पृष्ठभागाची. एक घनमीटर काँक्रीटमध्ये एक टक्का पोलादी तंतू म्हणजे ७८.५ किलोग्रॅम. व्यास अर्धा मिलिमीटर असेल तर त्यांचा एकूण पृष्ठभाग होतो ८० चौरस मीटर. पॉलिप्रॉपिलीनचे तंतू याच्या एक दशांश, म्हणजे ०.१ टक्का घेतले तर त्यांचे वजन एक किलोग्रॅमही भरत नाही. पण त्यांचा व्यास २० मायक्रोमीटर, कापसाच्या तंतूइतका. त्यांचा पृष्ठभाग होतो २०० चौरस मीटर. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, तशा तेरा खोल्यांची जमीन या किलोभर तंतूंनी झाकली जाईल! एवढ्या पृष्ठभागाला ओले करायला सिमेंटचा राडा लागतो, आणि तो खडी-रेतीच्या वाट्यातूनच जातो. दुसरी अडचण लांबीची. पसरण-चाचणीत ३०० मिलिमीटर उंचीचा शंकू भरून उचलतात आणि माल किती पसरला ते मोजतात. ५५० ते ८५० मिलिमीटर व्यास चालतो. शंकूत साडेपाच लिटर माल मावतो. तो ७०० मिलिमीटर पसरला तर थराची जाडी भरते १४ मिलिमीटर. एवढ्या पातळ थरात लांब तंतू आडवेच होणार. तेव्हा ही चाचणी उघड्यावर पसरण्याबद्दल सांगते, सळ्यांमधून जाण्याबद्दल नाही. त्यासाठी एल-पेटीची चाचणी आहे. तिच्या तीन सळ्यांच्या मांडणीत सळ्यांमधले अंतर ४१ मिलिमीटर असते. ६० मिलिमीटरचा तंतू तिथे अडणार, त्याला दुसरा अडणार, आणि मागे खडीचा बांध तयार होणार.

बऱ्याच अहवालांत पसरण-चाचणी तंतू घालण्यापूर्वीच्या मिश्रणाची दिलेली असते. तंतू घातल्यावरच्या एल-पेटीचा आकडा शोधावा लागतो. मग शीर्षकातला 'आपोआप बसणारे' हा शब्द कशाच्या जोरावर?

वाहण्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि मला तो सर्वांत मनोरंजक वाटतो. ओढ्यातल्या काड्या पाण्याबरोबर वळतात तसे वाहत्या काँक्रीटमधले तंतू प्रवाहाला धरून वळतात. प्रयोगशाळेतली अर्ध्या मीटरची तुळई एका टोकाकडून ओतली तर तंतू लांबीच्या दिशेने रांगेत येतात आणि वाकवण्याच्या चाचणीत फार चांगला आकडा मिळतो. तेच काँक्रीट भिंतीच्या साच्यात वरून मध्यावर ओतले तर तंतूंची मांडणी निराळी होते आणि आकडाही निराळा. तेव्हा तुळई कोणत्या टोकाकडून भरली हे न सांगता दिलेला आकडा अर्धवट आहे. हे एक वाक्य लिहायला काही खर्च येत नाही, तरी ते क्वचितच सापडते.

आता 'संमिश्र' या शब्दाकडे. दोन प्रकारचे तंतू मिसळण्यामागची कल्पना गिरणीतल्या मिक्सिंगइतकी जुनी आणि समंजस आहे. तडा एकदम मिलिमीटरभर रुंद होत नाही. आधी केसाहून बारीक सूक्ष्म तडे असंख्य ठिकाणी पडतात, मग ते जुळून एक मोठा होतो. आखूड, बारीक आणि संख्येने पुष्कळ असलेले तंतू पहिल्या टप्प्यात कामाला येतात; लांब, जाड आणि टोकाला आकडा असलेले पोलादी तंतू दुसऱ्या टप्प्यात. पॉलिप्रॉपिलीनचे आणखी एक काम आहे, त्याचा ताकदीशी काही संबंध नाही. घट्ट, दाट काँक्रीट आगीत तापले की आतल्या पाण्याची वाफ बाहेर पडू शकत नाही आणि पृष्ठभागाचे तुकडे उडतात. १८ नोव्हेंबर १९९६ रोजी इंग्लंड-फ्रान्समधल्या चॅनल बोगद्यात आग लागली तेव्हा अस्तराचे असेच मोठे नुकसान झाले. पॉलिप्रॉपिलीन १६० अंश सेल्सिअसच्या जरा वर वितळते आणि त्याच्या जागी वाफेला वाट मिळते. तंतू नाहीसा होऊन उपयोगी पडतो!

तेव्हा मिश्रणाच्या कल्पनेवर माझा आक्षेप नाही, ती सिद्ध करण्याच्या पद्धतीवर आहे. दोन तंतू मिळून एकेकट्यापेक्षा अधिक काम करतात असे म्हणायचे असेल तर एकूण प्रमाण तेच ठेवून तीन मिश्रणे करायला हवीत: फक्त पहिला, फक्त दुसरा, आणि दोन्ही. पुष्कळदा तुलना होते ती मिश्र तंतूंचे काँक्रीट आणि मुळीच तंतू नसलेले काँक्रीट यांच्यात. त्यातून तंतूंचा उपयोग फार तर कळेल, मिश्रणाचा नाही. सातवीतल्या मुलाला आपण एका वेळी एकच गोष्ट बदलायला शिकवतो. पदव्युत्तर वर्गापर्यंत पोचताना हे कुठे गळून पडते?

तीन ठोकळ्यांच्या सरासरीचे तसेच. आय.एस. ४५६ हे मानक एका नमुन्याच्या तीन ठोकळ्यांत सरासरीपासून पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेते, कारण काँक्रीटचा स्वभावच तसा आहे. अशा पदार्थात तीन विरुद्ध तीन ठोकळ्यांवरून आठ टक्क्यांची वाढ जाहीर करणे म्हणजे नाणे तीनदा उडवून ते खोटे ठरवण्यासारखे आहे. आलेखावर प्रत्येक ठोकळ्याचा बिंदू दाखवला तरी वाचकाला स्वतःचे मत बनवता येईल. पण बिंदू पुसले जातात आणि सरासरीतून एक गुळगुळीत वक्र जातो, एक टक्क्यावर शिखर असलेला. हे शिखर इतक्या निबंधांत त्याच जागी येते, की तंतूंचा गुणधर्म त्याला कितपत कारण आणि चारच प्रमाणे निवडण्याची सवय कितपत, असा मला संशय येतो.

हे सारे लिहिणाऱ्यांना काहीच कळत नाही असे मला म्हणायचे नाही. अडचण यंत्राची आहे. बहुतेक महाविद्यालयांत असते ते भार वाढवत नेणारे दाबयंत्र. अशा यंत्रात तडा पडला की भार कमी व्हायला वाव नसतो आणि नमुना एका क्षणात जातो. तडा गेल्यानंतरचे मोजायचे तर भार न वाढवता नमुन्याचे वाकणे सावकाश वाढवत नेणारे यंत्र लागते. युरोपीय मानक ई.एन. १४६५१ मध्ये तुळईला खालून खाच पाडून तड्याचे तोंड ०.५, १.५, २.५ आणि ३.५ मिलिमीटर उघडल्यावर ती किती भार धरते हे मोजतात, अमेरिकेच्या ए.एस.टी.एम. सी १६०९ मध्ये वाकणे मोजतात. ही यंत्रे महाग आहेत. ज्याच्याकडे जे यंत्र आहे ते मोजते तोच प्रश्न विचारला जातो, हे समजण्यासारखे आहे. पण तसे अहवालात लिहावे. 'तडा गेल्यानंतरची वर्तणूक मोजण्याची सोय नव्हती' एवढे वाक्य असले तरी वाचक सावध होईल. त्याऐवजी ठोकळ्याचा आकडा तंतूंच्या गुणाचा दाखला म्हणून पुढे केला जातो, आणि पुढचा विद्यार्थी तोच उचलतो.

पुन्हा कॉटन ग्रीनला येऊ. या भागातला जुना, सळई उघडी पडलेला एक खांब घ्या. दुरुस्तीत सैल काँक्रीट काढून, नव्या सळ्या बांधून, भोवती साचा उभारतात आणि मधल्या पाच-सात सेंटिमीटरच्या फटीत पातळ माल ओततात. मुंबईत याला जॅकेटिंग म्हणतात. (बीडीडी चाळींना असे करावे की त्या पाडून नव्या बांधाव्यात हा प्रश्न वेगळा, त्यात विज्ञानापेक्षा इतर गोष्टी फार आहेत.) फटीत व्हायब्रेटर जात नाही, तेव्हा आपोआप बसणारा माल इथे चैन नसून गरज आहे. नवा थर आकसतो, जुना खांब त्याला आकसू देत नाही, तेव्हा तडे पडणार हे ठरलेलेच. आय.एस. ४५६ साधारणपणे ०.३ मिलिमीटर रुंदीचा तडा चालवून घेते. ओलीशी संबंध असेल तर ०.२, आणि परिस्थिती फार कडक असेल तर ०.१. हे आकडे असे का घटत जातात? तड्यातून वाहणारे पाणी रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एका ०.२ मिलिमीटरच्या तड्याऐवजी ०.१ चे दोन तडे पडले तर प्रत्येकातून आठवा हिस्सा, दोन्ही मिळून चौथा हिस्सा पाणी जाईल. एक रुंद तडा मोडून त्याचे अनेक अरुंद तडे करणे हे तंतूंना उत्तम जमते. शिवडीच्या हवेत त्यांची मोठी किंमत हीच.

म्हणजे या खांबासाठी मला तीन गोष्टी हव्यात: तंतू घातल्यावर माल त्या फटीतून, सळ्यांमधून खालपर्यंत जातो का, आकसताना पडणारे तडे किती रुंद होतात, आणि वर्ष-दोन वर्षे खाऱ्या ओलीत ठेवल्यावर त्या तड्यांमागच्या सळईचे काय होते. पृष्ठभागाजवळचे पोलादी तंतू गंजून तपकिरी डाग पडतील. ते दिसायला वाईट दिसेल, पण सुटे तंतू एकमेकांना जोडलेले नसल्याने गंज सहसा आत पसरत नाही. तरी हेही मोजूनच ठरवावे. अठ्ठावीस दिवसांच्या ठोकळ्याची दाबशक्ती या यादीत चौथ्या क्रमांकावर असेल. तीही हवी, पण तिच्यासाठी तंतू घालायची गरज नाही. पाणी थोडे कमी केले तरी ती वाढते, आणि पाण्याला पैसे पडत नाहीत.

शाळेत हे करून पाहता येते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या १ सेंटिमीटर जाड, २ सेंटिमीटर रुंद आणि १६ सेंटिमीटर लांब पट्ट्या ओताव्यात: काही नुसत्या, काहींत अर्धा सेंटिमीटर कापलेला शिवणाचा दोरा, काहींत तीन सेंटिमीटर कापलेला काथ्या, काहींत दोन्ही निम्मे निम्मे. तंतूंचे एकूण वजन कोरड्या प्लास्टरच्या एक टक्का, सर्वांत सारखे. प्रत्येक प्रकारच्या पाच तरी पट्ट्या हव्यात. मधोमध बादली टांगून तीत वाळू ओतण्याचा मोह टाळावा. तडा जाताच बादली खाली येते आणि महाविद्यालयातल्या दाबयंत्राचीच चूक आपण शाळेत करून बसतो. ताणकाटाही नको, त्याच्या स्प्रिंगेत साठलेली ऊर्जा तडा जाताच एकदम सुटते. दहा किलोग्रॅमचा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा घ्यावा, त्यावर १२ सेंटिमीटर अंतरावर दोन पेन्सिली ठेवून पट्टी त्यांवर आडवी ठेवावी, आणि सुताराच्या जी-क्लॅम्पच्या स्क्रूने मधोमध दाबत जावे. स्क्रूच्या दर पाव फेऱ्याला काट्यावरचे वजन लिहावे. नुसत्या पट्टीचे वजन तडा जाताच शून्यावर येईल. काथ्याच्या पट्टीचे खाली येऊन कुठेतरी थांबेल, आणि त्यापुढचे आकडेही वहीत उतरवायचे आहेत. काथ्या आदल्या रात्री भिजवून, निथळून मग घालावा, नाहीतर तो प्लास्टरमधले पाणी पितो आणि पट्ट्यांची तुलना करण्यात अर्थ राहत नाही.